गयाबाईचं पान

हेलसे, ऑर्कनी बेटं, स्कॉटलंड
१२ मे २०२४

प्रिय देवयानी,

तू म्हणालीस खरं पत्र हवं, शाईचं, पाकिटातून आलेलं, लंडनच्या आपल्या मंडळाच्या दिवाळी अंकात हस्ताक्षराचा फोटो टाकता येईल असं. तर घे. कॉलेज सुटल्यापासून इतकं मराठी मी सलग हातानं लिहिलेलं नाही. वाचता आलं नाही तर तुझ्या नवऱ्याला दे, यतीनला. मंडळाचा अध्यक्ष झाल्यापासून त्याला सगळंच कळतं.

ऑफिसनं घरून काम करा म्हटलं, तेव्हा घर कुठं असावं हे मी ठरवलं. मँचेस्टरचा फ्लॅट भाड्यानं दिला आणि इथं आले. कर्कवॉलहून, म्हणजे इथल्या मोठ्या गावाहून, येणारं विमान आपल्या सात-सीटर गाडीएवढं असतं. पायलटनं मागं वळून सगळ्यांची तोंडं बघितली, वजनाच्या अंदाजानं मला मागच्या सीटवर बसवलं आणि निघाला. उतरलो ती धावपट्टी म्हणजे गवत. बेटावर माणसं साठेक असतील, मेंढ्या किती ते मेंढ्यांनाच माहीत.

झाड एकही नाही. वारा एवढा की बोललेलं शेजारच्या घरी ऐकू जातं आणि समोरच्याला नाही. दुकानाकडे जाताना डोक्यावर काठी उभी धरून चालावं लागतं, कारण टर्न नावाचा पक्षी घरट्याजवळून कुणी गेलं की टाळक्यात चोच मारतो. तो सगळ्यात उंच वस्तूवर झडप घालतो, म्हणून काठी. शेजारच्या मॅगीनं ती पहिल्याच दिवशी आणून दिली. दाराला टेकवून गेली. बाहेरून आलेल्यांना इथं ‘फेरीलूपर’ म्हणतात, म्हणजे बोटीतून उडी मारून आलेले. पन्नास वर्षांपूर्वी आलेला पोस्टमनसुद्धा अजून फेरीलूपरच आहे.

तूर्तास इतकंच. दात घासतानाही खिडकीतून समुद्र दिसतो, याचा हेवा कर.

तुझी,
मनाली


स्टॅनमोर
२६ मे २०२४

प्रिय मनू,

अगं काय लिहितेस! काठीचा किस्सा मी यतीनला वाचून दाखवला आणि रविवारच्या कमिटी मीटिंगमध्येही. सगळे लोटपोट. अंकाचा विषयच ‘उत्तरेकडे’ आहे, त्यात तुझी पत्रं म्हणजे हुकमी एक्का. स्वराली स्कॉटिश खाद्यपदार्थांवर लिहिणार आहे, पण तिचं तुला माहीत आहे, सगळं इंटरनेटवरून उचललेलं. तुझं खरंखुरं.

आता संपादक म्हणून हट्ट. पहिला, पफिन, तो रंगीत चोचीचा समुद्रपक्षी. लोकांना पफिन आवडतात, एखादा दिसला तर वर्णन कर, नाही दिसला तरी कर. दुसरा, तिथल्या जुन्या प्रथा, परंपरा, म्हातारी माणसं काय करतात, सणवार कसे. आणि ते आपल्याकडच्या एखाद्या गोष्टीशी जोडलंस तर वाचकांना जवळचं वाटेल. पत्र मनापासूनचं असावं, एवढंच.

सासूबाई तुझी आठवण काढतात. परवा म्हणाल्या, आमची मनाली नसली की मंगळागौरीला मजा नाही. श्रावणात येशील ना?

तुझी,
देवयानी


हेलसे
२१ जून २०२४

प्रिय देवयानी,

पफिन दिसला. नाकावर रंग सांडलेल्या कारकुनासारखा होता. झालं तुझं काम.

आता प्रथा. आपल्याकडच्या गोष्टीशी जोड, असं तू लिहिलंस. जोडायला मला लांब जावं लागलं नाही.

या बेटाच्या सगळ्या कडेनं, किनाऱ्याला लागून, छातीइतकी उंच दगडी भिंत आहे. चुना नाही, सिमेंट नाही, दगडावर दगड. दोनशे वर्षांपूर्वी इथल्या जमीनदाराला आतल्या गवतावर गायी चारायच्या होत्या, म्हणून त्यानं लोकांकडून भिंत बांधून घेतली आणि मेंढ्यांना बाहेर काढलं. बाहेर म्हणजे भिंत आणि समुद्र यांच्या मधल्या खडकांवर. तिथं गवत नाही. मेंढ्या समुद्राचं शेवाळ खाऊ लागल्या, आजही तेच खातात. भरती आली की भिंतीला चिकटून उभ्या राहतात, ओहोटी लागली की खाली उतरतात. पिल्लं व्हायच्या दिवसांत तेवढं आयांना आत घेतात आणि उन्हाळा सरता सरता परत बाहेर. फार दिवस गवतावर राहिल्या तर त्या आजारी पडतात. गवतातलं तांबं त्यांना आता सोसत नाही.

पक्षी बघायला आलेले एक गृहस्थ परवा भिंतीला रेलून म्हणाले, किती छान व्यवस्था आहे, त्यांना बाहेरच मानवतं. मी म्हटलं, आधी भिंत झाली, पोट नंतर बदललं. ते हसले. त्यांना वाटलं मी विनोद केला.

आता माझी आजी. गयाबाई, माझ्या आईची आई. वर्ध्याजवळच्या एका गावात गावकुसाबाहेर राहायची. गावकुसाबाहेर हा शब्द तूही शाळेत वाचला असशील. त्यातलं कूस म्हणजे खरीखुरी भिंत, हे मला आजीनं सांगेपर्यंत कळलं नव्हतं. एका वर्षी नाल्याच्या पुरात ती भिंत ढासळली. ती पुन्हा उभी करायला बाहेरच्यांनाच बोलावलं. आजी तेव्हा परकरातली पोर, डोक्यावरून दगड वाहायची. अट अशी होती की काम बाहेरून करायचं, आतल्या अंगाला पाऊल टाकायचं नाही. आतून दगड सरळ बसलाय का, हे बघायला गावातला एक जण आत उभा असायचा आणि भिंतीवरून काठी काढून दाखवायचा, हा हलव, तो दाब. आजी म्हणायची, “जिंदगीत येवढी मोठी एकच चीज बनवली मी, अन् तिची एकच बाजू पायली.”

छप्पन्न साली ती नागपूरला जाऊन बाबासाहेबांच्या हातून दीक्षा घेऊन आली. त्यानंतर भिंत पडली तेव्हा गावातून बोलावणं आलं, पण तिच्या घरातलं कुणी गेलं नाही.

इथं जुनी रीत अशी आहे की भिंतीचा एकेक तुकडा एकेका घराकडे असतो. पडला तर त्या घरानं उभा करायचा. मी राहते त्या घराचा पडलेला वाटा मॅगीनं मला नेऊन दाखवला. तिनं नाव-गाव काही विचारलं नाही, दगड उचलता येतो का एवढंच विचारलं. पहिला थर लावून झाल्यावर मी आतून बघितलं, मग भिंत ओलांडून बाहेर गेले आणि बाहेरून बघितलं, परत आत आले. मॅगीला वाटलं मी कामात फार चोख आहे. मी रडत होते. वाऱ्यात ते कुणाला कळत नाही, ही इथली एक सोय आहे.

देवयानी, हे छाप. पक्षी गाळ, विमान गाळ, पफिन तर नक्की गाळ. आजीला गाळू नकोस. तिचा फोटो सोबत पाठवतेय, आमच्याकडे तेवढा एकच आहे. मँचेस्टरहून येऊन मी मंडळात इतकी वर्षं नाटकांचं नेपथ्य करते, तिळगूळ वाटते. मी कुठली आहे हे मी लपवलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. आता न विचारता सांगते आहे. यापलीकडे माझं काही मागणं नाही.

तुझी,
मनाली


स्टॅनमोर
१४ जुलै २०२४

प्रिय मनू,

पत्र वाचून रडले गं. यतीन विचारत होता काय झालं. म्हटलं, काही नाही, कांदा. तू इतकी वर्षं लिहीत का नव्हतीस?

अंकाचं माझ्यावर सोड. जागेचा प्रश्न नेहमीचाच, जाहिराती वाढल्यात, पण तुझं पत्र म्हणजे अंकाचा आत्मा आहे, ते नीट बसवीन. मांडणी यंदा तुझा मिलिंद करतोय, तोच गं, हाउन्सलोचा, एअरपोर्टवर कामाला असतो. अगदी गुणी आहे. बोलतोही स्वच्छ.

मंगळागौरीला येत नाहीस हे तुझ्या मेसेजवरून कळून सासूबाई खट्टू झाल्या. पुढच्या उन्हाळ्यात आम्हीच तिकडे येऊ. यतीनला भिंत बांधायची आहे म्हणे. त्याला आयकियाचं कपाट जोडता येत नाही!

आणि हो, तुझ्या आईंचा नागपूरचा पत्ता कळव. कशाला ते विचारू नकोस.

तुझी,
देवयानी


हेलसे
१५ सप्टेंबर २०२४

प्रिय देवयानी,

उत्तराला उशीर झाला. गेल्या महिन्यात मेंढ्यांना परत बाहेर काढलं. सगळं बेट हात पसरून किनाऱ्यावर रांगेत उभं राहतं आणि त्यांना हाकतं. मीही उभी होते. कोकरं जन्मल्यापासून गवतावर होती, त्यांना समुद्र माहीतच नव्हता. फाटक लागल्यावर ती बराच वेळ भिंतीकडे तोंड करून ओरडत होती. मॅगी म्हणाली, शिकतात. दोन दिवसांनी खरंच शिकली.

नंतर वादळ झालं आणि माझ्या वाट्याच्या भिंतीला मोठं खिंडार पडलं. रोज ऑफिसचं काम संपलं की दगड उचलते. हातांकडे बघून आई व्हिडिओवर ओरडली.

आईबद्दलच लिहायचं होतं. आजीचं नाव लंडनच्या मराठी अंकात छापून येणार, हे मी तिला सांगून बसले. आता ती सगळ्या विहारात सांगत सुटली आहे. तिला मोतीबिंदू आहे, तेव्हा माझा भाऊ अपूर्व वाचून दाखवणार आणि आजीला ओळखणाऱ्या चार-पाच म्हाताऱ्या ऐकायला येणार असं ठरलंय. तिच्या आईचं नाव आजवर रेशनकार्डाखेरीज कुठं छापलेलं नाही, असं ती म्हणते. म्हणून विचारते, सगळं ठीक आहे ना? तुझं पत्र नाही, मेसेजवर नुसते बदाम येतात.

पत्ता मागच्या बाजूला लिहिलाय.

तुझी,
मनाली


स्टॅनमोर
२५ ऑक्टोबर २०२४

प्रिय मनू,

दिवाळीच्या आधी अंक हातात! सोबत तुझी प्रत. पान उघडून आधी बघ आणि मग पुढचं वाच.

बघितलंस? ‘समुद्र, शेवाळ आणि शांतता’. शीर्षक माझं. प्रकाशनाला हॉल भरला होता, आश्लेषानं तुझं पत्र व्यासपीठावरून वाचलं आणि काठीच्या किश्श्याला टाळ्या पडल्या.

थोडी कात्री लागली, राणी, रागवू नकोस. कमिटीचं म्हणणं पडलं की दिवाळीचा अंक आहे, मूड प्रसन्न हवा. आजींचा भाग एवढ्याशा जागेत कोंबणं म्हणजे त्यांच्यावर अन्यायच झाला असता. तो आपण पुढे कधीतरी स्वतंत्र लेख म्हणून प्रशस्त करू. फोटोही फार जुना, छपाईत काळपट येत होता, म्हणून तिथं पफिन घेतला. तो भाग काढल्यावर शेवट तुटल्यासारखा वाटायला लागला, म्हणून एक ओळ मी घातली, तुझ्याच शैलीत. गंमत म्हणजे सगळ्यांना तीच सगळ्यात आवडली!

आणि आता सरप्राइज. आईंना एक प्रत मी परस्पर नागपूरला पाठवली आहे, ट्रॅक्ड पोस्टानं. दिवाळीच्या आगेमागे पोचेल. त्यांचा चेहरा बघायला मिळायला हवा होता.

दिवाळीच्या खूप शुभेच्छा.

तुझी,
देवयानी


हेलसे
१७ नोव्हेंबर २०२४

देवयानी,

तुझी ओळ इथं उतरवते, म्हणजे आपण दोघी एकाच ओळीबद्दल बोलतोय हे नक्की होईल. ‘हेलसेच्या मेंढ्यांकडे पाहताना जाणवतं की ज्याची त्याची जागा निसर्गानंच नेमून दिलेली असते आणि ती ओळखण्यातच खरी शांतता आहे.’ खाली माझं नाव. मनाली पाटील.

मी लिहिलं होतं, आधी भिंत झाली, पोट नंतर बदललं. तू ते वाक्य काढलंस आणि त्या जागी हे बसवलंस. मेंढ्या ठेवल्यास, माझी आजी काढलीस. भिंत ठेवलीस आणि ती बांधणारी काढलीस.

अंक नागपूरला पोचला. तुझं ट्रॅकिंग चोख आहे. आईनं खोलीत चटया घातल्या, विहारातल्या म्हाताऱ्या आल्या, अपूर्व वाचायला बसला. विमान वाचलं, पक्षी वाचला, काठी वाचली. त्या हसल्या. शेवाळ वाचलं. शेवटची ओळ त्यानं मनात वाचली आणि तिथंच थांबला. आईनं विचारलं, मग? तो म्हणाला, झालं. ती म्हणाली, माय कुठं आहे त्यात? त्यानं पानं पुढंमागं केली. तो फोनवर हे सांगत होता तेव्हा मी त्याला शिव्या घातल्या, तूच काहीतरी बनवून वाचायचं होतंस म्हणून. तो म्हणाला, “ताई, पफिनचा फोटो समोर ठेवून मी आजी कशी वाचू?”

आई काय म्हणाली सांगू? “पोस्टात एखादं पान निसटलं असन. मनूले सांग, दुसरं पाठोव म्हनाव.” कुणी ते पान काढलं असेल असं तिच्या मनातसुद्धा आलं नाही. म्हाताऱ्या चहा पिऊन घरी गेल्या. दुसरी प्रत आली की परत येणार आहेत.

मीटिंगला मिलिंद असतोच, म्हणून मी त्याला फोन केला, कमिटीत नक्की कोण काय बोललं ते विचारायला. तो गोंधळला. त्याच्याकडे तुझ्याकडून जो मजकूर आला त्यात आजी नव्हतीच. फोटोही नव्हता. कमिटीसमोर तर तो भाग कधी आलाच नाही. छपाईत काळपट आला म्हणतेस तो फोटो छपाईला गेलाच नाही, देवयानी.

तुला कुणी सांगितलं नव्हतं. मग का केलंस? एवढंच विचारतेय. आणि याचं उत्तर बदामानं देऊ नकोस.

मनाली


स्टॅनमोर
२४ नोव्हेंबर २०२४

प्रिय मनू,

तीन वेळा लिहून फाडलं. तू मला गुन्हेगाराच्या पिंजऱ्यात उभं केलंस म्हणून आता स्पष्ट लिहिते.

हो, कमिटीला दाखवलं नाही. दाखवलं असतं तर काय झालं असतं ते तुला माहीत नाही, मला माहीत आहे. तोंडावर सगळे वा वा म्हणाले असते, आणि पार्किंगमध्ये? व्हॉट्सअ‍ॅपवर? त्या लोकांमध्ये मी राहते. तू जाऊन बसलीस बेटावर.

मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं गं. मँचेस्टरला आपण एका घरात राहायला आलो तेव्हा तुझ्या कपाटाच्या आतल्या फळीवर बाबासाहेबांचा फोटो मी बघितला होता. मी तुला कधी काही जाणवू दिलं? माझी काकू राहायला आली तेव्हा तुझं कपाट मीच लावून घेतलं होतं, तुला कुणी काही विचारू नये म्हणून. लग्नानंतर सासूबाईंनी विचारलं, हे पाटील म्हणजे कुठले? मी सांगितलं, विदर्भातले पाटील, मोठी शेती आहे. त्या जुन्या वळणाच्या आहेत, त्यांना आता कुठं बदलायचं? म्हणून तर तू आमच्या स्वयंपाकघरात निःशंक वावरलीस, मंगळागौरीचं पुरण वाटलंस, आमची मनाली झालीस. सोळा वर्षं मी तुझं गुपित जिवापाड जपलं. माझ्या आईलासुद्धा बोलले नाही. आणि तू उठून ते भर दिवाळी अंकात छाप म्हणतेस. मी घाबरले. तुझ्यासाठी घाबरले. लोक तुला गाळतील म्हणून मी तो भाग गाळला.

त्या ओळीत मला तसलं काही म्हणायचंच नव्हतं. मी मेंढ्यांबद्दल लिहिलं होतं. तू सगळ्याला तोच रंग देतेस.

आईंना वाईट वाटलं याचं मात्र मला खरंच वाईट वाटतंय. मी काय करू ते सांग, मी करीन.

देवयानी


हेलसे
८ डिसेंबर २०२४

देवयानी,

तुझं पत्र मी भिंतीवर बसून वाचलं. आता दिवस उगवतो न उगवतो तोच मावळतो, त्यामुळे पत्रं दुपारीच वाचावी लागतात.

गुपित माझं नव्हतं. तो फोटो आतल्या फळीवर होता कारण बाहेरच्या फळीवर तुझा मिक्सर होता. तुला सांगून मी दर चौदा एप्रिलला सुट्टी घेत होते. तुला मी विहारात जेवायला चल म्हणून कितीदा बोलावलं, आणि दर वेळी तुला काहीतरी काम निघालं. मला वाटायचं, बिचारी फार कामात असते. मी उघड्या दारात उभी होते आणि तू येता-जाता दार लावून घेत होतीस, हे मला आत्ता कळतंय.

माझ्याकडे तुमच्या मंगळागौरीचा एक फोटो आहे. सासूबाईंचा हात माझ्या खांद्यावर आहे. परदेशात एक तरी घर आपलं आहे म्हणून मी तो इथं टेबलावर आणून ठेवला होता. त्यांनी तो हात मोठ्या शेतीवाल्या कुणा पाटलीणबाईच्या खांद्यावर ठेवला होता. मी फक्त तिच्या जागी उभी होते. तू मला घरात घेतलंस असं तुला वाटतं, पण घेतलंस ते दुसऱ्याच कुणाला. मला तू तुमच्या उंबऱ्याच्या आत कधी येऊच दिलं नाहीस, आणि ते मला कळूही दिलं नाहीस. गावानं आजीला निदान तोंडावर सांगितलं होतं, बाहेर राहा.

मी फार चिडले आहे. चिडण्यापेक्षा जास्त दुखलंय. तुझ्याइतकं जवळचं मला या देशात कुणी नव्हतं, हेही लिहून टाकते, कारण ते खरं आहे.

काय करू, असं तू विचारलंस. एक कर. आईला पत्र लिही. ती अजून दुसऱ्या प्रतीची वाट बघतेय. रोज अपूर्वला विचारते, पोस्टमन आला का. मी तिला काही सांगितलेलं नाही आणि सांगणार नाही, कारण हे तू सांगायचं आहे. माफी मागू नकोस, कारणं देऊ नकोस. पान पोस्टात निसटलं नाही, मी काढलं, एवढं लिही. तिला समजेल. तिनं याहून वाईट ऐकलेलं आहे. फक्त पोस्टाला दोष देत बसायची वेळ तिच्यावर आणू नकोस.

तेवढं लिहिलंस तर उन्हाळ्यात ये. माझ्या वाट्याच्या भिंतीचं बरंच काम उरलंय, तुला आतून बसवायला देईन, बाहेरूनही देईन. नाही लिहिलंस तर हे आपलं शेवटचं पत्र. पत्ता तुझ्याकडे आहेच.

जयभीम.
मनाली पाटील


स्टॅनमोर
१९ डिसेंबर २०२४

ती. शशिकलाताई यांना देवयानीचा सादर नमस्कार.

मी मनालीची मँचेस्टरपासूनची मैत्रीण. आपली भेट नाही, पण तिच्या बोलण्यातून मी तुम्हाला इतकी ओळखते की तुम्ही मला माझ्या आईसारख्याच वाटता.

दिवाळी अंक तुमच्यापर्यंत पोचला हे कळून खूप आनंद झाला. मनालीचं लेखन इथं सर्वांना अतिशय आवडलं. अशी गुणी मुलगी घडवल्याबद्दल तुमचं करावं तितकं कौतुक थोडंच आहे.

तुमच्या प्रतीत एक पान कमी होतं असं मनालीकडून समजलं. वाईट वाटलं. हल्ली पोस्टाचं काही खरं राहिलेलं नाही, पाकिटं कशीही हाताळतात. त्यातच ते निसटलं असावं. लगेच दुसरी प्रत पाठवली असती, पण अंकाला मागणीच एवढी होती की सगळ्या प्रती संपल्या. माझी स्वतःचीसुद्धा उरली नाही.

सोबत शॉर्टब्रेड बिस्किटांचा एक डबा आणि नव्या वर्षाचं कॅलेंडर पाठवत आहे. त्यात ऑर्कनीच्या पक्ष्यांची छान चित्रं आहेत. मनाली राहते तो भाग किती सुंदर आहे, हे तुम्हाला त्यावरून दिसेल.

डोळ्यांची काळजी घ्या. ऑपरेशन लांबवू नका.

तुमची लेकच समजा,
देवयानी